आबाजींची दोन पानं

अक्षयतृतीयेला आमच्या घरी पितरांची पानं मांडण्याचं काम आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. त्या दिवशी त्यांच्या कामात कोणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. सकाळीच अंघोळ करून ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, शेणानं सारवलेल्या जागेवर बसत. नवं मडकं पाण्यानं भरून ठेवलेलं असे. माय आतून एकेक भांडं आणून द्यायची: भात, वडे, सेवया, कच्च्या आंब्याचं पन्हं. पळसाच्या पानांच्या दोन पत्रावळी आबाजी शेजारीशेजारी मांडत आणि दोन्हींवर सारखंच वाढत. पहिल्या पानाभोवती पाणी फिरवताना ते मोठ्यानं म्हणत, "फत्तू." ते त्यांच्या वडिलांचं नाव, हे आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या पानाभोवती पाणी फिरवताना मात्र त्यांचे ओठ हलत नसत. तिसरं एक पान आजीचं, पण ते माय आतच चुलीजवळ मांडायची, तेही वर्षानुवर्षांची रीत म्हणून. आजी मला आठवतसुद्धा नाही, मी अंगणात रांगत असतानाच ती गेली.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, "आबाजी, हे दुसरं पान कोनाचं?"

"पान पाह्यलं ना? मंग झालं. जेवाले बस."

आमच्या घरात बोलत पोवारी, आम्हा पोवारांची बोली. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून मी इथे सगळ्यांना झाडीबोलीत बोलायला लावते आहे. आबाजींना ते आवडलं नसतं, पण त्यांना माझ्या बऱ्याच गोष्टी आवडत नसत.

बोदलकशाच्या तळ्यापासून कोस-दीड कोसावर आमचं गाव. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. मागच्या वाडीत ढेकी होती आणि तिच्यावर माय आणि शेजारची एक बाई पाय देऊन धान कांडत. त्या धपक-धपक आवाजावर मी अभ्यास केला आहे. वसतिगृहात गेल्यावर पहिला महिना मला पुस्तक उघडलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटे, ते त्या आवाजामुळेच. जेवणात बाराही महिने भात आणि लाखोळीची डाळ. तळ्यावरून ढिवर मासळी घेऊन आला, की आबाजी स्वतः निवडायला बसत आणि घासाघीस न करता भरपूर गप्पा मारत. गावात त्यांना सगळे 'फत्तूचा झनक' म्हणत. फत्तू जाऊन कैक वर्षं झाली होती आणि झनकलाल स्वतःच म्हातारे झाले होते, तरी नाव तेच. बांधीत, म्हणजे शेतात, धान असो नसो, ते संध्याकाळी एकटेच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर मारत. कोणी विचारलं तर म्हणत, फत्तूची जमीन आहे, पाह्यली पाहिजे. 'आपली जमीन' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि त्यात काही वेगळं आहे हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी बारावी पास झाले आणि मला डी.एड.ला जायचं होतं. मास्तरीण व्हायचं हे मी चौथीतच ठरवलं होतं, कारण आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्या खुर्चीवर बसून दुपारी डबा खायच्या आणि त्यांना कोणी उठवत नसे. बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाठिंबा होता. मायचं म्हणणं वेगळं होतं. आमगावकडचं एक स्थळ तिच्या मनात भरलं होतं, आणि तिनं बाबूजींकडून कबूल करून घेतलं होतं की या वर्षी नंबर लागला तर पोरगी शिकेल, नाही लागला तर पाव्हण्यांना बोलवायचं. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं ते माझ्यासमोरच सांगितलं.

मार्क बरे होते. पण प्रवेशाला जातीचा दाखला हवा, आणि दाखल्याला जुनं रेकॉर्ड हवं. बाबूजी फक्त दुसरीपर्यंत शिकलेले, त्यांच्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. म्हणून कोतवाल बुक काढावं लागलं. पूर्वी गावातला जन्म-मृत्यू कोतवाल लिहायचा, त्या वह्या. बाबूजी आणि मी तिरोड्याला तहसील कचेरीत गेलो. तिथल्या दप्तरी बाबूंनी लाल फडक्यातली गाठोडी सोडून दोन दिवस पानं चाळली. आता माझा नातू म्हणतो की त्याचे सगळे कागद मोबाइलमध्ये आहेत. असतील. पण त्या वह्यांना एक वास होता आणि पान उलटताना जीव खालीवर व्हायचा.

बाबूजींच्या जन्माची नोंद सापडली. 'झनकलाल वल्द फत्तू यास मुलगा, जात पोवार.' वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मला वाटलं, काम झालं. पण दप्तरी मोठे चिकित्सक. ते मागे मागे जात राहिले. मग चष्मा कपाळावर सरकवून बाबूजींना म्हणाले, "देखो भाऊ, फत्तूच्या घरी या गावात एकच जन्म लिहिला आहे. तोही मुलगी. मुलगा तर झालाच नाही. मग झनकलाल आये कहाँ से?"

बाबूजी खाली बघत राहिले.  दप्तरींनी वही माझ्याकडे फिरवली. 'फत्तू यास मुलगी.' नावसुद्धा नाही, नुसती मुलगी.

"ते माही माय," बाबूजी शेवटी म्हणाले. "माहा बाप घरजावई होता."

मी गावातली शहाणी पोरगी, आणि मला माझ्याच घरातली ही गोष्ट अठराव्या वर्षी कचेरीत कळली. फत्तूला मुलगा नव्हता, एकच मुलगी. त्यानं सालेकशाकडचा एक जवान पोरगा घरजावई करून आणला. तो घरात राबला, नांगर धरला, आणि पुढं त्याला मुलगा झाला तेव्हा कोतवालानं रिवाजाप्रमाणं विचारलं असेल, हा झनकलाल कोणाच्या घरचा? लोक म्हणाले असतील, फत्तूच्या. कोतवालानं लिहून टाकलं, वल्द फत्तू. आमच्याकडे घरजावई घरात असा मुरतो, की त्याचं मूळ आडनाव विचारणं गावाला खटकतं. फत्तू पटले कुळाचा म्हणून आम्हीही पटले झालो. आणि वहीप्रमाणं बघितलं तर माझे आबाजी आणि माझी आजी सख्खे बहीणभाऊ.

दप्तरी हसले नाहीत, ही त्यांची कृपा. म्हणाले, झनकलालचा खरा बाप कोण, कुठला, त्याची नोंद आणा, झनकलालनं स्वतः येऊन प्रतिज्ञापत्रावर सांगावं, आणि त्यावर वंशावळ करा. हातात तीन आठवडे होते.

घरी आलो तेव्हा आबाजी सपरीत दोर वळत बसले होते. बाबूजींनी सगळं सांगितलं. आबाजींच्या हाताचा पीळ थांबला नाही.

"मी नाही येत," ते म्हणाले.

"एक सही तं करा लागते, बाबा."

"ज्याले मरतानी मी पानी पाजलं, ज्याले आग देल्ली, त्याले आता कचेरीत जाऊन बाप नोहे म्हनू? त्यानं मले सांगतलं होतं, झनक, माहं नाव तू चालव. मी हो म्हनलो होतो."

"मंग माह्या शिक्षनाचं का?" मी मध्येच म्हणाले.

"तुह्या शिक्षनाले मी नाही म्हनत नाही, बाई."

"नाहीच तं म्हनून राहिले."

मग मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आठ दिवस सोडलं.  रोज सकाळी माझ्या पुस्तकांशेजारी पानाच्या द्रोणात त्यांनी ठेवलेली जांभळं असायची, आणि मी ती रागानं खायची. आज त्या वयाचा विचार करते तेव्हा मला माझी लाज वाटते. त्यांच्यासमोर एका बाजूला दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला मी होते, आणि मला वाटत होतं की ते नुसते हटून बसले आहेत.

बाबूजींनी वाद घातला नाही. त्यांना आबाजींच्या मूळ गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं, आजीनं कधीतरी सांगितलेलं. आबाजी त्या गावी पुन्हा कधीच गेले नव्हते, आणि तिकडचं कोणी आलंही नव्हतं. एका सकाळी मायनं भाताचा डबा बांधून दिला आणि आम्ही निघालो. मायच्या मनात आमगावचं स्थळ होतं, तरी डब्यात तिनं वडे घातले होते. तिरोड्याहून गोंदिया, तिथून पॅसेंजरनं सालेकसा, आणि पुढं चार मैल पायी, मोहाच्या झाडांमधून. वाटेवर ओळखीचं कोणी नव्हतं, आणि पूर्ण रस्ता बाबूजी सदऱ्याची वरची गुंडी लावत आणि काढत होते. आपल्या बापाच्या गावी ते पहिल्यांदाच जात होते.

आबाजींची मोठी बहीण जिवंत होती. गावातल्या गावातच तिला दिलेलं. सखूबाई नाव, म्हणजे माझी आत्याआजी. सपरीत बसून ती मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत होती, तेल काढायला. हात काळे झाले होते आणि कान चांगले होते. बाबूजींनी पाया पडून आपण झनकचा मुलगा असं सांगितलं. तिनं त्यांना ये-बस काहीच म्हटलं नाही. माझ्याकडे वळून पोवारीत विचारलं, "तोरो कुर कोनतो से?" म्हणजे तुझं कूळ कोणतं.

मी म्हणाले, "पटले."

"तुरकर सेस तू," म्हणजे तू तुरकर आहेस, असं ती म्हणाली, आणि दगड खाली ठेवून रडायला लागली.

मग पाणी आलं, चहा आला, आणि तिनं सगळं सांगितलं. आबाजी तिघा भावांत धाकटे. जमीन थोडी. फत्तूचा निरोप आला तेव्हा आबाजींनी स्वतःच हो म्हटलं. बापाला, मोतीरामला, ते लागलं. दुसऱ्याच्या घरी राबायला जातोस तर पुन्हा इकडे पाय ठेवू नको, असं तो रागाच्या भरात बोलून गेला. "आन हा पोट्टाही तसाच," आत्याआजी म्हणाली, "बाप म्हनला नोको येऊ, तं नाही आला. बाप मेला तवाही नाही आला. आमी मानूस धाडला होता. हा शिवेपर्यंत आला अन् तिथूनच वापस गेला, असं त्या मानसानं सांगतलं."

बाबूजींनी विचारलं, "आजा काही म्हनत होता का, मागाहून?"

"म्हनाचा नाही. पन एक डाव भाट आला." भाट म्हणजे आमच्या लोकांच्या वंशावळी सांभाळणारे. काही वर्षांनी गावोगाव फिरत येतात आणि नवी नावं पोथीत चढवतात. "थोरला भाऊ म्हनला, दोन पोरं लिव, तिसरा गेला. तं बाप आतून आला, हातात टोपली तशीच. म्हनला, तीन लिव. तिसरा बाहेरगावी आहे. भाटानं लिवलं, आन बापानं त्याले ते वाचाले लावलं. मी दारात उभी होती."

पोथी भाटाकडेच असते, ती आम्हाला काही मिळाली नाही. पण त्या गावचंही कोतवाल बुक कचेरीत होतं. साल कोणतं शोधायचं हा प्रश्न. आत्याआजीला सन वगैरे काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, गावचं तळं ज्या पावसात फुटलं, त्याच्यानंतरच्या मळणीत झनक झाला, कारण त्या साली धान कमी होतं आणि मायला बाळंतपणात कोदोची पेज द्यावी लागली. तळं फुटल्याचं साल तलाठ्याच्या जुन्या कागदात होतं. तिथून एक वर्ष पुढं सरकलो आणि तिसऱ्याच पानावर नोंद होती. 'मोतीराम यास मुलगा, जात पोवार.' एका म्हाताऱ्या बाईला बाळंतिणीची पेज आठवली म्हणून माझं काम झालं. पुढं मी पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, आणि पुस्तकात हे नाही म्हणून मला नेहमी थोडं चुकल्यासारखं वाटायचं.

निघताना आत्याआजीनं मला जवळ घेतलं. "त्याले सांग," ती म्हणाली, "बापानं तीन लिवाले लावले होते. मी सोता ऐकलं. मले आता चालनं होत नाही, त्याले म्हन, तू ये."

घरी पोचलो तर आबाजी बैलांना चारा टाकत होते. आठ दिवसांचा अबोला मीच मोडला. भाटाची गोष्ट मी त्यांना उभ्याउभ्याच सांगितली. ऐकताना त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"तीन लिवले?"

"तीन. वाचूनबी घेतलं."

"कोनं सांगतलं?"

"सखूबाईनं. ते दारात होती म्हने."

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग चारा टाकून झाला. जेवायला बसले तेव्हा भात मागून घेतला नाही, एवढंच मायला जाणवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते धुतलेलं धोतर आणि लग्नकार्याला घालायचा सदरा घालून सपरीत बसले होते. मला म्हणाले, "चाल, तुह्या कचेरीत."

अर्जनवीस विचारत होता आणि लिहीत होता. वडिलांचं नाव? आबाजी म्हणाले, "मोतीराम." त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज नेहमीचाच होता. कूळ? "तुरकर." अर्जनवीस म्हणाला, "आणि रेकॉर्डात फत्तू आहे, तो कोण?"

आबाजींनी विचारलं, "दोन नावं लिवता येत नाही का?"

"बाप एकच असते, आबा."

 आबाजी टेबलावरच्या शाईच्या डबीकडे बघत राहिले. मागं लोक रांगेत होते, कोणीतरी खाकरलं.

"सासरा लिवा," ते म्हणाले, आणि अंगठा पुढं केला.

मला दाखला मिळाला, नंबर लागला, आमगावचं स्थळ दुसऱ्या कोणाच्या घरी गेलं. आबाजी बहिणीला भेटून आले, दोनदा. हे सगळं चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून त्यांनी धुऱ्यावरची संध्याकाळची चक्कर सोडली. बाबूजी जायचे. आबाजी म्हणायचे, पाय दुखते. मला पत्रातून हे मायनं कळवलं, म्हणजे शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं. त्यांचे पाय दुखत नव्हते हे मला वसतिगृहात बसून कळत होतं.

पुढच्या अक्षयतृतीयेला मी घरी होते. मडकं भरलेलं, माय भांडी आणून देत होती, आबाजींनी दोन पानं मांडली, दोन्हींवर वाढलं. त्या वर्षी त्यांनी आधी दुसऱ्या पानाभोवती पाणी फिरवलं आणि स्पष्ट म्हणाले, "मोतीराम." बाबूजींनी माझ्याकडे बघितलं. मग आबाजी पहिल्या पानाकडे वळले, लोटा उचलला आणि हात तसाच राहिला. ओठ हलले नाहीत. मग त्यांनी लोटा खाली ठेवला आणि बाबूजींना म्हणाले, "तू फिरव. मले हक नाही आता. मी सोता सांगून आलो."

बाबूजी काही उठेनात. मायसुद्धा दारातच थांबली.  हे माझ्यामुळं झालं होतं, आणि माझ्या ट्रंकेत डी.एड.ची पुस्तकं होती. मी पुढं होऊन त्यांच्या शेजारी बसले आणि लोटा उचलला. पोरींनी हे करायचं नसतं, पण तोवर मला कोणी अडवलं नव्हतं.

"फत्तू," मी म्हणाले आणि पाणी फिरवलं.

आबाजी माझ्याकडे वळले.

"तुमचे सासरे असन, आबाजी," मी म्हणाले, "माहे तं पणजेच होत. आजीकडून. कचेरीत काहीही लिवलं तरी."

त्यांना हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर कोणालाच सुचलं नव्हतं. दप्तरींना नाही, अर्जनविसाला नाही, आणि वंशावळीचा कागद चारदा लिहूनही मला नाही, कारण त्या कागदावर बापाखाली मुलगा आणि मुलाखाली मुलगा एवढीच जागा होती. फत्तूच्या घरी वहीत लिहिलेला एकच जन्म होता, तो नाव नसलेल्या मुलीचा, आणि आम्ही सगळे तिच्याच पोटचे.

आबाजी उठले. आत गेले, चुलीजवळ मायनं मांडलेलं आजीचं पान दोन्ही हातांनी उचललं, आणि ते सांडू न देता हळूहळू चालत सपरीत आले. दोन पानं त्यांनी थोडी बाजूला सरकवली आणि तिचं पान मध्ये ठेवलं. मग लोटा हातात घेऊन त्याभोवती पाणी फिरवलं आणि तिचं नाव घेतलं. आजीचं नाव सोनबाई होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग ते जेवले, आणि संध्याकाळी धुऱ्यावर गेले.